जैसलमेर: पवनचक्क्यांच्या मुलखात माळढोकाच्या शोधात

जैसलमेर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? सोनेरी किल्ला, पटव्यांची हवेली, उंटावरची संध्याकाळ आणि समच्या वाळूत रात्री रंगणारं कालबेलिया नृत्य. हे सगळं तिथे आहे आणि पाहण्यासारखंही आहे. पण किल्ल्याच्या बुरुजावर गेलात की खालचा बाजार बघून झाल्यावर नजर जरा लांब क्षितिजाकडे न्या. तिथे पांढऱ्या काड्या रोवल्यासारखं काहीतरी दिसेल. एक, दोन, दहा, मग मोजणं सोडून द्याल. या पवनचक्क्या. आजचं जैसलमेर कळून घ्यायचं असेल तर हवेल्यांइतकीच यांचीही ओळख हवी.

त्या जवळून पाहायच्या तर बडा बागला जा. शहरापासून जेमतेम सहा किलोमीटर. इथे भाटी राजघराण्याच्या छत्र्या आहेत, म्हणजे राजांच्या स्मरणार्थ बांधलेली पिवळ्या दगडाची स्मारकं. सोळाव्या शतकात लूणकरण या राजाने वडिलांच्या, जैतसिंहांच्या, आठवणीसाठी पहिली छत्री उभारली आणि पुढच्या पिढ्यांनी ती प्रथा चालवली. या घुमटांच्या मागेच पवनचक्क्यांची रांग आहे. सूर्यास्ताला दोन्ही एकाच फ्रेममध्ये येतात, त्यामुळे प्री-वेडिंगवाल्यांची गर्दी ठरलेली. तुम्ही शांतता शोधत असाल तर सकाळी जा.

हिवाळ्यात आलात तर एक गोष्ट खटकेल. अर्ध्याअधिक पाती थांबलेली असतात. ‘बंद पडल्या का हो?’ हा प्रश्न टॅक्सीवाल्यांना इतक्यांदा विचारला जातो की आमच्या ड्रायव्हरभाईंकडे उत्तर तयारच होतं: “दीदी, आप सर्दी में आते हो, हवा गर्मी में आती है.” त्यांचं बरोबर होतं. आपल्याकडे पवनऊर्जेचा खरा हंगाम मे ते सप्टेंबर, पावसाळी वारे वाहतात तेव्हाचा. पर्यटक येतात तेव्हा वारा सुट्टीवर असतो. इथे पवनचक्क्या उभ्या राहायला २००१ च्या सुमारास सुरुवात झाली आणि २०१२ पर्यंत त्यांची क्षमता एक हजार मेगावॅटच्या पुढे गेली. आता वाऱ्याच्या जोडीला ऊनही आलंय. सौर क्षमतेत राजस्थान देशात सगळ्यांच्या पुढे आहे. ऊन दिवसा, वारा पावसाळ्यात आणि बरेचदा रात्रीही, अशी ही जोडी.

दुसऱ्या दिवशी समच्या वाटेवर कुलधरा लागतं. पालीवाल ब्राह्मणांनी सोडून दिलेलं हे गाव ‘भुताचं गाव’ म्हणून खपवलं जातं. भुतं विसरा, गाइडला ‘खडीन’ दाखवायला सांगा. उतारावरून वाहून येणारं पावसाचं पाणी मातीच्या लांब बांधाने अडवायचं, ते जमिनीत मुरू द्यायचं आणि मग त्या ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा, ही पालीवालांची पद्धत. वर्षाला जेमतेम काही इंच पाऊस पडणाऱ्या या मुलखात त्यांनी अशी शेती केली. कागदोपत्री ‘पडीक’ म्हटलेली जमीन माहितगाराच्या हातात काय देते, ते इथे दिसतं. हा ‘पडीक’ शब्द लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

समच्या अलीकडे-पलीकडे पसरलंय डेझर्ट नॅशनल पार्क, ३,१६२ चौरस किलोमीटरचं. नावात पार्क असलं तरी झाडी शोधू नका. सेवण गवत, बोरीची झुडपं, केर, अधूनमधून खेजडी आणि उरलेलं सगळं आभाळ. सुदासरी भागात वनखात्याच्या परवानगीने आत जाता येतं. तिथे भेटू शकतो तो गोडावण, म्हणजे आपला माळढोक. एक मीटर उंच, वजनाने पंधरा किलोपर्यंत जाणारा, उडू शकणाऱ्या जगातल्या सर्वात वजनदार पक्ष्यांपैकी एक. डॉ. सलीम अलींनी राष्ट्रीय पक्षी म्हणून याचं नाव सुचवलं होतं, पण मान मोराला मिळाला. राजस्थानने मात्र त्याला आपला राज्यपक्षी केलं.

आपल्याकडे सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये खास याच्यासाठी अभयारण्य झालं. आज तिथे एखादा माळढोक दिसला तरी पेपरात बातमी येते. देशभरात मिळून दीडशेच्या आसपासच उरलेत आणि त्यातले बहुतेक या एकाच जिल्ह्यात. मादी वर्षाला साधारण एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. म्हणजे एक पक्षी गेला तर तो भरून यायला किती काळ लागेल, याचा हिशोब तुम्हीच करा.

आणि ते जातात कसे? शिकारीने पूर्वी गेले, माळ नांगरले गेले, मोकाट कुत्र्यांनी अंडी खाल्ली. पण आता सगळ्यात मोठा धोका आहे तो विजेच्या तारांचा. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. बाजूचं उत्तम दिसतं, समोरचं फारसं नाही. उडताना तो खाली जमिनीकडे बघत जातो. तार दिसेपर्यंत ती अगदी जवळ आलेली असते आणि एवढं वजन ऐनवेळी वळवता येत नाही. पवनचक्क्यांकडे बोट दाखवणाऱ्यांच्या हे लक्षातच येत नाही. पात्यांपेक्षा तिथली वीज वाहून नेणारी तार जास्त घातक आहे. सौर पार्क कितीही शांत दिसला तरी त्यालाही तारा लागतातच.

इथूनच तो वाद सुरू होतो जो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. चित्ता परत आणण्याच्या प्रयत्नांमुळे ओळखले जाणारे माजी सनदी अधिकारी एम. के. रणजितसिंह यांच्या याचिकेवर १९ एप्रिल २०२१ ला न्यायालयाने आदेश दिला की माळढोकाच्या प्रदेशातल्या तारा शक्य तिथे जमिनीखालून न्याव्यात आणि तोवर तारांवर पक्ष्यांना दिसतील अशा चकत्या लावाव्यात. राजस्थान आणि गुजरात मिळून हा प्रदेश होता सुमारे ९९,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास एक तृतीयांश. केंद्राच्या तीन मंत्रालयांनी मग न्यायालयाला सांगितलं, हे जमणार नाही. अतिउच्च दाबाची वीज लांबवर जमिनीखालून नेली तर खर्च कित्येक पट वाढतो, तांत्रिक अडचणी येतात आणि देशातलं सर्वात चांगलं ऊन-वारं असलेला पट्टाच अडकून पडतो. २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म क्षमता उभी करण्याचं वचन भारताने ग्लासगोत दिलेलं होतं, त्याचं काय?

२१ मार्च २०२४ ला न्यायालयाने आपला आदेश बदलला आणि कुठे काय शक्य आहे हे ठरवायला तज्ज्ञांची समिती नेमली. याच निकालात हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहणं हा नागरिकांचा हक्क असल्याचंही म्हटलं गेलं. गंमत बघा, पक्षी वाचवायला सुरू झालेल्या खटल्यातून माणसाला एक नवा हक्क मिळाला. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये समितीच्या शिफारशी मान्य झाल्या आणि राजस्थानात सुमारे १४,००० चौरस किलोमीटरचं प्राधान्यक्षेत्र ठरलं, जिथे नव्या प्रकल्पांवर आणि तारांवर कडक बंधनं असतील.

मला विचाराल तर मधल्या तीन वर्षांत जो ‘पक्षी की वीज’ असा सामना रंगवला गेला, तोच चुकीचा होता. प्रश्न वीज हवी की नको हा नव्हताच. तार कोणत्या वाटेने न्यायची, एवढाच होता. हे प्रकल्प मंजूर होण्याआधी नकाशावर बसून ठरवलं असतं, तर न्यायालयात जायची वेळ आली नसती.

पण पक्ष्याबद्दल निदान बोललं तरी जातं. ओरणांबद्दल कोण बोलतं? जैसलमेरच्या दक्षिणेला फतेहगड भागात देगराय मातेचं ओरण आहे. ओरण म्हणजे आपल्या देवराईचं वाळवंटी भावंडं. देवीच्या नावाने राखलेली जमीन, जिथे कुऱ्हाड चालत नाही, नांगर फिरत नाही, पण उंट-मेंढ्या चरतात आणि पाणवठा सगळ्यांचा असतो. आसपासच्या गावांतले राईका आणि इतर पशुपालक पिढ्यान् पिढ्या यावर जगतात. अडचण एवढीच की कित्येक ओरणं महसुली दप्तरात ओरण म्हणून लागलेलीच नाहीत. तिथे लिहिलेलं असतं ते सरकारी पडीक. आणि पडीक म्हटल्यावर ती कंपनीला द्यायला हरकत कोणाची? हरकत गावकऱ्यांनी घेतली, मैलोन् मैल पायी यात्रा काढून. देगरायच्या ओरणावरून आज उच्च दाबाच्या तारा जातात. १८ डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान सरकारला अशा देवरायांचं सर्वेक्षण आणि नकाशे करायला सांगितलं, हे त्यातल्या त्यात बरं.

ओरणात गेलात तर चपला देवळाबाहेर काढा आणि झाडाची फांदी तोडू नका, सुकलेलीसुद्धा. खेजडीसाठी १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडलीत अमृतादेवींसह ३६३ बिश्नोईंनी जीव दिला होता. सौर प्रकल्पांसाठी खेजडी तोडल्याच्या बातम्या आल्या की इथली माणसं का पेटून उठतात, ते यावरून समजेल.

जैसलमेरहून जोधपूरच्या बाजूला निघालात तर फलोदीच्या वर भडला लागतं. २,२४५ मेगावॅटचा सौर पार्क, जगातल्या मोठ्यांपैकी एक. तो पर्यटनस्थळ नाही, आत सोडत नाहीत. रस्त्यावरून मात्र निळसर पाट्यांचं तळं दिसत राहतं. मे २०१७ मध्ये इथल्या विजेला २ रुपये ४४ पैसे युनिट असा भाव निघाला आणि देशभर चर्चा झाली. कोळशाहून स्वस्त ऊन! तरीही आज देशाच्या क्षमतेतला निम्मा वाटा बिगर-जीवाश्म असला तरी प्रत्यक्षात वापरतो त्यातली बहुतेक वीज कोळशाचीच आहे. ऊन मावळलं की आपल्या घरातले एसी काही मावळत नाहीत. त्यात दुपारी एवढी वीज तयार होते की ती वाहून न्यायला तारा कमी पडतात आणि राजस्थानातले प्रकल्प काही वेळा अर्धवट बंद ठेवावे लागतात. म्हणजे पुन्हा तारच.

यात तुमचं-आमचं काय? आपल्या छतावर तयार झालेल्या विजेला वाळवंटातून तार आणावी लागत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा जास्त किलोवॅटला ७८,००० रुपये केंद्राचं अनुदान आहे. बंगला किंवा रो-हाऊस असेल तर जरूर विचार करा. इंदूर-बडोद्याच्या स्वतंत्र घरांना हे सोपं आहे. वीस मजली इमारतीत मात्र दीडशे घरांना मिळून एकच गच्ची, तीही पाण्याच्या टाक्यांनी भरलेली. त्यामुळे सगळं छतावर भागेल असं म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. भडलासारखे पार्क लागणारच.

सहल आखायची तर ऑक्टोबर ते मार्च उत्तम. दिल्ली आणि जोधपूरहून जैसलमेरला थेट रेल्वे आहे. किल्ला-हवेल्यांना एक दिवस, बडा बाग-कुलधरा-सुदासरीला दुसरा ठेवा. परतताना फलोदीजवळ खिचनला सकाळी पोचाल असं बघा. हिवाळ्यात मध्य आशियातून येणाऱ्या हजारो कुरजा, म्हणजे करकोच्यांसारखे राखाडी पक्षी, गावकऱ्यांनी टाकलेले दाणे टिपायला उतरतात. मुलं तासभर हलत नाहीत. सोबत दुर्बीण हवीच. सुदासरीत माळढोक दिसला नाही तरी हिरमुसू नका. तिथल्या प्रजनन केंद्रात ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्माला आलंय. ते केंद्र पर्यटकांसाठी खुलं नाही, पण तिथल्या पिल्लांबद्दल विचारलंत की वनरक्षकांची कळी खुलते. आणि हो, गाडीत बसलेल्या मुलांना तारांवरच्या फिरत्या चकत्या मोजायला लावा. कुठे आहेत आणि कुठे नाहीत, ते त्यांना तुमच्या आधी दिसेल.