नोंद नसलेल्या वह्या

ग्रंथालय संशोधकाला ग्रंथ पुरवते, असे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. नंदुरबार जिल्ह्यात मराठी शिकवताना हे उत्तर हळूहळू अपुरे वाटू लागले.

आमचे विद्यापीठ जळगावला. १९९० साली ते स्थापन झाले तेव्हा नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हाही नव्हता. तो १९९८ मध्ये धुळ्यापासून वेगळा झाला. विद्यापीठाचे ग्रंथालय गाठायचे तर जाण्यायेण्यातच दिवस मोडतो. आता 'शोधगंगा'मुळे प्रबंध घरबसल्या वाचता येतात, ही सोय लहान नव्हे. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणातील भिली भाषांवरचा १९०७चा खंडही आम्ही प्रथम पाहिला तो शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर. आमचे विद्यार्थी घरी जे बोलतात, त्याच्या भाऊबंद बोलींचे नमुने शिकागोने जपावेत, याची गंमत वाटली. थोडी लाजही.

खरी लाज पुढे होती. आमच्या एका विद्यार्थिनीने अक्कलकुवा-धडगाव भागात हिंडून होळीची आणि लग्नाची गाणी टिपली होती: शब्द, अर्थ, गाणाऱ्या बाईचे नाव, गाव, तारीख. लघुप्रबंधात त्यांतली थोडीच आली. उरलेल्या चार वह्या ग्रंथालयात ठेव, असे आम्हीच तिला सांगितले. दाखल-नोंदवहीत त्यांना जागा नव्हती. प्रकाशक नाही, किंमत नाही. पुढे निर्लेखनाच्या वेळी त्या रद्दीत गेल्या. दोष एकट्या ग्रंथालयाचा म्हणवत नाही. नोंद झाली का, हे आम्ही एकदाही विचारले नव्हते. पीएच.डी.साठी ती वह्या मागायला आली, तोवर गाणाऱ्यांपैकी दोघी वारल्या होत्या.

इतिहासाचार्य राजवाडे १९२६च्या अखेरीस धुळ्यात निवर्तले आणि त्यांनी गावोगाव पायपीट करून जमवलेले कागद सांभाळण्यासाठी १९२७ मध्ये तेथे संशोधन मंडळ उभे राहिले. त्या कागदांवर तरी कोठे किंमत छापलेली होती? धुळे आम्हांला जळगावहून जवळ. उदाहरण मात्र दूरचेच राहिले.

आता ग्रंथपालांनी हस्तलिखितांसाठी वेगळी नोंदवही घातली आहे. तीत किमतीचा रकाना नाही. गाणाऱ्याचे नाव, गाव आणि बोली एवढे आहे. ती विद्यार्थिनी या होळीला पुन्हा धडगावकडे जाणार आहे. परतल्यावर वह्या आधी नोंदवायच्या, मग वाचायच्या, असे ठरले आहे.