केस विरळ झालेत, विग लावू का? एका डॉक्टरचा स्वतःचा अनुभव



गेले आठ महिने मी डोक्यावर टॉपर लावते. टॉपर म्हणजे टाळूवरचा विरळ भाग झाकणारा छोटा विग. तो बारीक चिमट्यांनी आपल्याच केसांना अडकवायचा असतो. दवाखान्यात बऱ्याच जणींनी विचारलं, "मॅडम, केस छान झालेत, काय लावता?" मी खरं उत्तर दिलं, की समोरची व्यक्ती आधी दार नीट लागलंय ना ते बघते आणि मग हळू आवाजात पुढचे प्रश्न सुरू होतात. कुठे मिळतो? पडत नाही ना? सासरी सांगू का? तुमच्याही मनात हेच असेल, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

माझे केस का गेले?

माझं वय ५४. चाळिशी संपता संपता भांग रुंद दिसायला लागला. कपाळालगतची केसांची रेषा जागेवर होती, पण मधली त्वचा उघडी पडत चालली होती. स्त्रियांमधल्या अनुवंशिक केसगळतीचं हे नेहमीचं रूप आहे. माझ्या आईचं आणि मावशीचंही असंच झालं होतं. यात केसांची मुळं मरत नाहीत, पण दरवेळी आधीपेक्षा बारीक आणि आखूड केस तयार करतात. पुरुषांमध्ये हीच प्रक्रिया कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून आणि टाळूवरून सुरू होते.

हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉईड तपासलं. फेरिटिन कमी होतं, ते गोळ्यांनी भरून काढलं. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून मिनॉक्सिडिल सुरू केलं. हे औषध मुळात रक्तदाबासाठी आलं होतं. ते घेणाऱ्यांना अंगावर केस वाढलेले दिसले आणि पुढे ते डोक्यावर लावायला वापरात आलं. त्याबद्दल तीन गोष्टी लक्षात ठेवा. पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढल्यासारखी वाटते. फरक दिसायला ४ ते ६ महिने लागतात. आणि बंद केलं की मिळालेला फायदा हळूहळू जातो.

दोन वर्षांत माझी गळती थांबली, पण गेलेलं परत भरलं नाही. केसांचं प्रत्यारोपण करायचं तर डोक्याच्या मागच्या बाजूला दाट केस लागतात. माझे तिथेही विरळच आहेत. म्हणजे तो रस्ता बंद.

प्रिस्क्रिप्शन लिहिताना डॉक्टरची मान खाली असते आणि समोरच्याला नेमका भांगच दिसतो. मी टेबलावरचा दिवा बाजूला सरकवला, मग खुर्ची फिरवली. शाळेत मुलींसमोर आरोग्यावर बोलायचं आमंत्रण आलं, तेही टाळलं, कारण स्टेजवरचे दिवे वरून पडतात. एका डॉक्टरने मुलींशी ॲनिमियावर बोलायचं सोडून दिव्यांचा विचार करत बसावं, हे मला पटेना. त्या आठवड्यात टॉपर बघायला गेले.

विगच्या आधी तपासणी

आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि रोज ५० ते १०० गळणं स्वाभाविक आहे. पण खालीलपैकी काही असेल तर विगच्या दुकानाआधी दवाखान्यात या:

- केस अचानक, मुठीने गळताहेत. डेंग्यू, टायफॉईड, मोठं ऑपरेशन किंवा बाळंतपण यानंतर २ ते ३ महिन्यांनी असं होतं आणि बहुतेकदा सहा महिन्यांत आपोआप थांबतं. इथे विगची घाई नको.
- गोल चकत्या पडल्या आहेत. याला आपण चाई म्हणतो. यावर उपचार आहेत.
- लहान मुलाच्या डोक्यात खपली आणि खाज असलेले चट्टे आहेत. हा बुरशीचा संसर्ग असू शकतो. याला पोटातून औषध लागतं.
- त्वचा लाल, दुखरी किंवा गुळगुळीत, चकचकीत झाली आहे. या प्रकारात मुळं कायमची जातात, म्हणून उशीर करू नका.
- पाळी अनियमित आहे आणि हनुवटीवर केस येताहेत.

२०२५ च्या सुरुवातीला बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातली गावं तुम्ही बातम्यांत पाहिली असतील. तिथे काही दिवसांतच लोकांचं टक्कल पडलं आणि पुढे तज्ज्ञांनी सेलेनियमच्या जादा प्रमाणाकडे बोट दाखवलं. सेलेनियम थोडं असेल तर शरीराला हवंच असतं, जास्त झालं तर केस घालवतं. 'अ' जीवनसत्त्वाचंही तसंच. त्यामुळे केसांसाठी म्हणून मनाने गोळ्या घेऊ नका. बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना सांगा. त्याने थायरॉईडचे आणि हार्ट अटॅकसाठी करतात त्या ट्रोपोनिनचे रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात.

नैसर्गिक दिसणारा विग कसा निवडायचा?

खोटे केस आपल्याला नवे नाहीत. आपल्या आज्या अंबाड्यात गंगावन घालत आणि त्याचा कुणी गाजावाजा करत नसे. विग ओळखू येतो तो बहुधा फार दाट आणि फार काळा असल्यामुळे.

१. दाटपणा: पन्नाशीच्या बाईच्या डोक्यावर विशीतल्या मुलीएवढे केस शोभत नाहीत. मी दुकानदाराने दाखवलेल्यांतला सर्वांत विरळ घेतला.

२. रंग: दिवसाच्या उजेडात, दुकानाबाहेर येऊन जुळवा. पांढरे केस असतील तर टॉपरमध्येही थोडे पांढरे हवेत.

३. भांग: पाया पातळ जाळीचा किंवा रेशमासारख्या कापडाचा असेल तर भांगातून त्वचा दिसल्यासारखी वाटते. त्याचा रंग तुमच्या त्वचेशी जुळायला हवा.

४. केस: माणसाचे खरे केस महाग असतात, पण त्यांना तेल, रंग, उष्णता चालते. तिरुपतीला भाविक अर्पण करतात त्या केसांचा देवस्थान लिलाव करतं आणि त्यातूनही विग बनतात. कृत्रिम केस स्वस्त आणि हलके असतात, पण गॅसजवळच्या आचेने आणि वाफेने ते वाकडे होतात. रोज स्वयंपाक करणाऱ्यांनी हे आधी विचारात घ्यावं.

५. आकार: विरळ भागापेक्षा पाया थोडा मोठा हवा, कारण चिमटे धडधाकट केसांत बसायला हवेत.

माझ्या टॉपरला १६ हजार रुपये लागले. रोज वापरला तर साधारण वर्षभर टिकतो असं धरूनच हिशेब करा. पुरुषांमध्ये चिकटवायचा 'हेअर पॅच' जास्त चालतो. त्यात दर काही आठवड्यांनी काढून, डोकं स्वच्छ करून पुन्हा लावण्याचा खर्च असतो, तो आधी विचारून घ्या.

वापरताना सांभाळा

- रात्री काढून ठेवा. डोक्याच्या त्वचेला हवा आणि अंघोळ दोन्ही हवं.
- चिमट्यांची जागा अधूनमधून बदला. एकाच ठिकाणी ओढ बसत राहिली तर तिथलेही केस जातात.
- चिकटवायचा गोंद आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस बघा. खाज किंवा पुरळ आलं तर तो वापरू नका.
- एमआरआयला जाताना टॉपर काढा, चिमट्यांत धातू असतो.
- हेल्मेट घालायचंच. काढल्यावर आरशात एकदा बघून घ्या, बस्स.
- मिनॉक्सिडिल चालू असेल तर चालू ठेवा. विगने गळती थांबत नाही.

केमोथेरपी घेणाऱ्यांसाठी

माझ्या एका पेशंटने, शिक्षिका आहेत त्या, स्तनाच्या कर्करोगाची केमो मुलीच्या साखरपुड्यानंतर घ्यायची ठरवली होती. साखरपुडा अडीच महिन्यांवर होता. औषधाची भीती नव्हती. फोटोत टक्कल दिसेल ही होती. मी त्यांना माझा टॉपर काढून हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "पूर्ण डोक्याचा मिळतो का हो?" चार दिवसांत विग ठरला, केमो वेळेवर सुरू झाली आणि साखरपुड्याला त्या विग लावून, नऊवारी नेसून उभ्या राहिल्या.

सगळ्याच केमोने केस जात नाहीत, पण ज्यांनी जातात त्यात ते पहिल्या डोसनंतर साधारण २ ते ३ आठवड्यांत जायला लागतात. म्हणून विग उपचाराआधीच निवडा, म्हणजे रंग आणि भांग तुमच्या केसांशी जुळवता येतो. उपचार संपल्यावर काही महिन्यांत केस बहुतेकांचे परत येतात. केसांसाठी केमो पुढे ढकलू नका. तुमच्या घरात कुणी तसं म्हणत असेल तर "केसांचं काय एवढं!" असं म्हणून उडवून लावू नका, विगच्या दुकानात सोबत जा.

लोकांना सांगायचं का?

हा निर्णय सर्वस्वी तुमचा. मी सांगते, कारण लपवण्याचा मला जास्त त्रास होत होता. माझ्या नात्यातल्या एक बाई तीन वर्षं वापरतात आणि नवऱ्याशिवाय कुणाला माहीत नाही. त्याही खूश आहेत. आणि विग न लावता विरळ केसांनी किंवा टक्कल ठेवून छान जगणारे तर कितीतरी आहेत. लग्न ठरवताना मात्र समोरच्याला आधी कल्पना द्यावी, असं मला वाटतं.

माझे केस काही परत आलेले नाहीत, येणारही नाहीत. पण दिवा पुन्हा टेबलाच्या मधोमध आहे आणि जूनमध्ये शाळेत ॲनिमियावर बोलून आले. तुमचे केस गळत असतील तर आधी कारण शोधा, होण्यासारखा उपचार करा. त्यानंतरही विग हवासा वाटला तर चष्मा घेताना जेवढा संकोच करता, तेवढाच करा.

काळजी घ्या.