साडेतीन मिनिटांची झिंझोटी

खोपोली-कर्जत लोकल आणि पुढे कर्जतहून मुंबई, या रोजच्या प्रवासातच मला शास्त्रीय संगीताची गोडी लागली, तीही उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेबांच्या कॅसेटमुळे. खाँसाहेब गेले १९३७ साली, मद्रासकडच्या एका रेल्वे फलाटावर. त्यांच्या जुन्या रेकॉर्डी नंतर एलपीवर आल्या, मग कॅसेटवर, मग सीडीवर. मी कॅसेटच्या जमान्यातला.

लोकलमध्ये बडा ख्याल ऐकवत नाही. विलंबित जरा रंगतोय तोवर पळसदरी येते आणि माणसं उतरायला उठतात. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला मात्र जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. गायकाला पाल्हाळ परवडायचा नाही. खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी पहिल्याच सुराला काळजाला हात घालते. लवजीला लावली तर डोळवलीच्या आसपास संपायची. मी पुन्हा लावायचो.

ही ठुमरी माझ्याकडे दोन वेगवेगळ्या कॅसेटींवर होती. बाबा खालापूरकडच्या एका भजनी मंडळात पेटी वाजवायचे. त्यांनी दोन्हींबरोबर पेटी धरून पाहिली, तर एकीतला षड्ज जवळजवळ अर्ध्या सुराने चढा! जुन्या तबकड्या म्हणायच्या ७८ च्या, पण ध्वनिमुद्रणाची गती काटेकोर नसे. नवी प्रत काढताना तबकडी जरा जोरात फिरली की पट्टी चढते आणि लयही वाढते. खाँसाहेबांचा आवाज मुळात बारीक आणि उंच, त्यामुळे ते कोणाच्या लक्षात येत नाही. बाबा म्हणाले, "अरे, साठी उलटलेला माणूस एवढ्या घाईत कशाला गाईल?"

पुढे खरखर काढलेल्या 'स्वच्छ' आवृत्त्या आल्या. त्या मला आवडत नाहीत. खरखरीबरोबर तारस्वराची धारही जाते. त्यापेक्षा खरखर परवडली.

पुनर्प्रकाशनाची हद्द म्हणजे केसरबाई केरकर. ध्वनिमुद्रणाचं नाव काढलं तरी ज्यांच्या कपाळाला आठी पडे, त्यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानावरच्या सोनेरी तबकडीतून अंतराळात गेली. तीही साडेतीन मिनिटांचीच.

आता सगळं फोनवर फुकट मिळतं. पण ध्वनिमुद्रण कोणत्या सालचं, साथीला कोण, बहुतेक ठिकाणी पत्ता नाही. मुंबईत १९९० साली रेकॉर्ड संग्राहकांची सोसायटी निघाली, त्या मंडळींनी जुन्या तबकड्यांच्या लेबलांवरून अशी पुष्कळ माहिती जुळवून ठेवली आहे. फोनवर गाणी चढवणाऱ्यांनी त्यातल्या निदान दोन ओळी तरी गाण्याखाली टाकाव्यात, जागेला काही पैसे पडत नाहीत.