ज्येष्ठेची कड कुठे?

ज्येष्ठा सूर्याच्या किती पट मोठी, हा प्रश्न व्याख्यानानंतर हमखास येतो. साधारण ७०० पट व्यासाची, असं मी सांगते. सूर्याच्या जागी ती असती तर बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळ तिच्या पोटात गेले असते आणि तिची सीमा लघुग्रहांच्या पट्ट्यात पोहोचली असती. मात्र तांबड्या महाराक्षसी ताऱ्यांच्या वातावरणावर काम करत असल्यामुळे मला एवढ्यावर थांबवत नाही. या ताऱ्याला ठाम कडच नाही, हे सांगितल्याशिवाय ७०० हा आकडा अपुरा आहे.

साधा हिशेब करून पाहा. ज्येष्ठेचं वस्तुमान सूर्याच्या बारा ते पंधरा पट, पण आकारमान जवळजवळ ३४ कोटी पट. म्हणजे तिची सरासरी घनता आपण श्वासात घेतो त्या हवेपेक्षा सुमारे वीस हजार पट कमी! त्यातही बरंचसं वस्तुमान गाभ्याजवळ एकवटलेलं, त्यामुळे बाहेरचे थर याहूनही विरळ. तिथलं गुरुत्वाकर्षण पृथ्वीवरच्या सुमारे हजाराव्या हिश्श्याइतकं. इतक्या ढिल्या पकडीतला वायू एका रेषेशी येऊन थांबेल कसा?

ज्येष्ठेच्या दृश्य पृष्ठभागाचं तापमान सुमारे ३४०० अंश सेल्सिअस, सूर्यापेक्षा दोन हजार अंशांनी कमी. म्हणून रंग तांबडा. तरीही विस्तारामुळे तेज सूर्याच्या पाऊण लाख पटींच्या घरात.

ताऱ्याचा व्यास प्रथम मोजला गेला तो डिसेंबर १९२० मध्ये. माउंट विल्सनच्या शंभर इंची दुर्बिणीवर वीस फुटी तुळई बसवून मायकेलसन आणि पीझ यांनी काक्षी या ताऱ्याचा व्यास मोजला. त्याच पद्धतीने पुढे ज्येष्ठेचाही कोनीय व्यास मिळाला, सुमारे ०.०४ विकला. २०१७ मध्ये चिलीतल्या पारानाल वेधशाळेत अनेक दुर्बिणींचा प्रकाश एकत्र आणून केइची ओनाका आणि सहकाऱ्यांनी ज्येष्ठेच्या वातावरणातल्या वेगांचा नकाशाच काढला. वायूचे प्रचंड लोट सेकंदाला वीस किलोमीटरपर्यंत वेगाने वर-खाली होताना दिसले. आधणाच्या पाण्यासारखी ही उलथापालथ आतल्या उष्णतेमुळे होते, असं आपण धरून होतो. पण वायू ज्या उंचीपर्यंत चढलेला दिसला, तिथवर त्याला उचलायला ही उकळी पुरत नाही. मग कोण उचलतं? आमच्या क्षेत्रातला हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न आहे, कारण याच वाटेने असे तारे आपलं द्रव्य अवकाशात उधळतात आणि अखेरच्या स्फोटाआधी ताऱ्यात ते किती उरतं, हे त्यावरच ठरतं.

२०२० मध्ये रेडिओ लहरींतून घेतलेल्या वेधांनी चित्र आणखी बदललं. ज्येष्ठेचं क्रोमोस्फियर, म्हणजे दृश्य पृष्ठभागावरचा वातावरणाचा थर, ताऱ्याच्या त्रिज्येच्या अडीच पट अंतरापर्यंत पसरलेलं आढळलं. सूर्याचं त्याच्या त्रिज्येच्या जेमतेम दोनशेव्या भागाइतकं असतं. ज्येष्ठेच्या क्रोमोस्फियरच्याही पलीकडे तिच्या द्रव्याचा वारा वाहतोच आहे. आकडा बदलतो तो आपण कोणत्या लहरीतून पाहतो त्यानुसार. म्हणून पाठ्यपुस्तकांत ताऱ्यांच्या आकारांचे तक्ते छापताना ही अट सोबत लिहायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे.

हौशी निरीक्षकांसाठी एक सांगते. चंद्र ज्येष्ठेला झाकतो, अशा पिधानांची सध्याची मालिका २०२८ पर्यंत चालेल. १८१९ मध्ये अशाच पिधानात योहान ब्युर्ग यांना ज्येष्ठेचा मंद सोबती तिच्या काही सेकंद आधी चंद्रामागून बाहेर येताना दिसला आणि ही जोडी असावी, असा संकेत मिळाला. बहुतेक तारे चंद्राच्या कडेशी पाहता पाहता विझतात; ज्येष्ठा मात्र सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास वेळ घेते. आपल्या गावातून पिधान दिसणार आहे का, ते पंचांगात पाहा किंवा जवळच्या खगोल मंडळात विचारा, आणि दिसणार असेल तर दुर्बिणीला वेगवान कॅमेरा लावून ते नक्की टिपा.