इतिहास घेऊन काय करणार?

गेल्या जूनमध्ये वस्तीतल्या एका मुलीचा एफ.वाय.बी.ए.चा फॉर्म भरायला बसले होते. विषयांचा रकाना आला तशी ती म्हणाली, "ताई, मला पुढे इतिहास स्पेशल घ्यायचाय." तिचे वडील दारात उभे होते. "मेलेल्या राजांच्या सनावळ्या पाठ करून पोट भरतं का?" त्यांनी विचारलं. हातावर पोट असलेल्या बापाचा तो प्रश्न रास्तच होता. माझ्याही वडिलांनी मला तोच विचारला होता.

खोटं कशाला सांगू? मी इतिहास घेतला तो बारावीला मार्क कमी पडले म्हणून. दोन वर्षं गाईड वाचून पास झाले. तिसऱ्या वर्षी भीमजयंतीला भाषण केलं, टाळ्या पडल्या. ते कौतुकाने सरांना वाचून दाखवलं. सरांनी दोनच शब्द विचारले, "साधन काय?" मला राग आला. वाटलं, यांना आमचा इतिहास खपत नाही. चिडूनच ग्रंथालयात जाऊन बसले. महिन्याभरात कळलं, निम्म्या भाषणाला पुरावाच नव्हता. उरलेल्या निम्म्याला मात्र असा पुरावा होता की तो कुणाच्या बापाला खोडता येणार नाही.

त्याच वर्षी नाशिकच्या लेण्यांवर सहल गेली. लहानपणापासून नाव ऐकलेलं 'पांडवलेणी'. पण ती पांडवांनी कोरल्याचं तिथल्या एकाही शिलालेखात नाही. गौतमी बलश्रीच्या लेखात तिच्या मुलाची तुलना अर्जुन-भीमसेनाशी केली आहे, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण लेणं दान दिलंय ते भिक्खूंना. आणि त्याच डोंगरावर मुगुदास नावाच्या एका मच्छीमाराने कुटुंबासह दिलेल्या लेण्याचा छोटासा लेख आहे. राजमाता आणि कोळी, दोघांचीही नावं एकाच दगडात! त्या दिवशी इतिहास फक्त राजांचा असतो हा समज माझ्यापुरता संपला.

मित्रहो, आपल्याला पुराव्याची भीती का वाटावी? १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध छापून आला. तो छापलेला कागद आज आपलं साधन आहे. १९४८ साली 'अस्पृश्य मूळचे कोण?' या प्रश्नावर ग्रंथ लिहिताना बाबासाहेबांनी, जिथे दुवे तुटलेले आहेत तिथे आपण अनुमान केलं आहे, असं उघड सांगितलं. पुरावा कुठे संपतो आणि तर्क कुठे सुरू होतो, हे वाचकापासून लपवलं नाही. आपण मात्र मोबाईलवर आलेला मजकूर न तपासता पुढे ढकलतो आणि विरोधकाच्या हाती आयतं कोलीत देतो. प्रस्थापितांनी इतिहास दडपला हे खरंच आहे. पण त्याला उत्तर म्हणून आपण खोटा इतिहास रचला, तर खऱ्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

पुढे मी समाजशास्त्रात एम.ए. केलं. जातीची रचना कशी चालते ते तिथे समजलं. पण रोजच्या कामात हात देतो तो इतिहासच. जात वैधता प्रमाणपत्रासाठी १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. मग आजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल शोधावी लागते. जुनी नोंद बहुतेकदा मोडीत निघते. जुना कागद कुठे सापडेल आणि तो कसा वाचायचा, हे माहीत नसलेल्या पोराची ॲडमिशन अडकते. इतिहासाचा आणि पोटाचा संबंध असा आहे.

त्या वडिलांना मी हेच सांगितलं. नोकरी नक्की मिळेल असं वचन दिलं नाही, कारण जागा थोड्या आहेत. मोडी शिकली तर उपयोग होईल, शिक्षक किंवा स्पर्धा परीक्षेची वाट खुली राहील, एवढंच म्हणाले. ते बराच वेळ गप्प होते. मग फॉर्मवर सही करत म्हणाले, "घेऊ दे. पण टायपिंगचा क्लासही लाव म्हणावं."

दोन्ही चालू आहे. परवा तिने माझ्याच एका लेखावर मला विचारलं, "ताई, साधन काय?"

जय भीम!