उसनें यंत्र

शेजारणीची पैठणी नेसून लग्नास गेलेल्या बाईचा जीव पंक्तींत बसल्यावरही जसा पदराच्या कांठाकडेच लागलेला असतो, तशी आमची अवस्था २०२३ सालच्या दिवाळींत झाली होती. आम्ही पुण्यांतील एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेंत हवेंतील सूक्ष्म कणांचा अभ्यास करतों. हे कण मोजणारें यंत्र विकत घेण्याइतका पैसा आमच्या गांठीं नाहीं. म्हणून दुसऱ्या एका संस्थेकडून तें पंधरा दिवसांच्या बोलीनें आणलें. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीं फटाक्यांनीं हवेची काय दशा होते, तें मोजावयाचें होतें. आमच्या एका विद्यार्थिनीच्या प्रबंधाचें अख्खें प्रकरण या एका रात्रीवर टांगलेलें.

यंत्राची युक्ति तशी जुनीच. जॉन एटकेन या स्कॉटिश गृहस्थानें १८८८ च्या सुमारास ओलसर हवा एकाएकीं विरळ करून धूलिकणांभोंवतीं पाण्याचे थेंब जमविले, आणि चौकटी आंखलेल्या पट्टीवर पडलेले ते थेंब भिंगांतून मोजले. आमच्या पाहुण्या यंत्रांत पाण्याच्या जागीं ब्यूटॅनॉलची वाफ असते. (तिचा वास असा कीं, गणपतीच्या अगरबत्तीची आठवण सुद्धां टिकूं नये.) हवा प्रथम या ऊबदार वाफेंतून व मग थंड नळींतून जाते, डोळ्यांस कधींच न दिसणाऱ्या कणावर वाफ सांठून थेंब होतो, आणि लेसरच्या झोतांत तो चमकला, कीं आंकडा एकानें वाढतो. मिलिमीटरच्या एक लक्षांशाएवढे कणही त्यास सांपडतात. दूर समुद्रावरील स्वच्छ हवेंत एका घनसेंटिमीटरांत असे कण कांहीं शेंकडे. रहदारीच्या रस्त्यावर ते सहज दहा हजारांपलीकडे जातात.

लक्ष्मीपूजनास दोन दिवस उरले असतां यंत्र गच्चीवर चढवावयास घेतलें. ब्यूटॅनॉल काढल्यावांचून तें हलवूं नये, अशी सूचना झांकणावरच चिकटविलेली होती, आणि ती आम्हीं वाचलीही होती. जिन्याच्या वळणावर तें कलंडलें. वर नेऊन सुरू केलें, तों आंकडे वेडेवांकडे: कधीं शून्य, कधीं लाखांच्या घरांत. ब्यूटॅनॉल भिंगांवर चढलें होतें.

पुसूनपासून गुपचूप परत करावें, हा विचार मनांत आला नाहीं असें म्हणणें खोटें होईल. यंत्रें आपोआपही बिघडतात, असें आमच्यांतील एकानें हळूच सुचविलेंही. विद्यार्थिनी मात्र म्हणाली, “सर, आत्तां फोन केला नाहीं, तर त्या रात्रीच्या आंकड्यांवर माझाच विश्वास बसायचा नाहीं.”

फोन केला. पलीकडचे गृहस्थ थोडा वेळ कांहींच बोलले नाहींत. मग म्हणाले, “टाकी रिकामी करा, पंप चालू ठेवून कोरडी हवा खेंचूं द्या, आणि तोंडाशीं गाळणी लावून पाहा. शून्य आल्याशिवाय एकही आंकडा लिहूं नका.”

तें शून्य लक्ष्मीपूजनाच्या रात्रीं साडेनऊस आलें. तोंवर निम्मे फटाके वाजून गेले होते. फटाक्यांपूर्वींची हवा कशी होती, हें आमच्याजवळ नाहींच. आलेख मध्येंच सुरू होतो, आणि कां, तें विद्यार्थिनीनें प्रबंधांत दोन ओळींत सरळ लिहिलें आहे.

यंत्र परत नेतांना टाकी आधीं दोनदां रिकामी केली, आणि दोघांनीं तें विरजणाच्या भांड्यासारखें धरून नेलें. गृहस्थांनीं तें चालवून पाहिलें, पावतीवर सही केली, आणि आमच्या देखतच झांकणावरील सूचना तांबड्या शाईनें मोठ्या अक्षरांत पुन्हां लिहून काढली.