घाट चढेल अशी सायकल

मैत्रिणींनो, आमच्या साताऱ्यात सायकल घ्यायची तर आधी डोंगराकडे बघावं लागतं. राजवाडा मागं टाकून समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा घाट लागला, की साधी काळी सायकल ढकलतच न्यावी लागते. गाव सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर, तर कासचं पठार बाराशेच्या आसपास. आणि डांबर सोडून शेताच्या गाडीवाटेला वळलात, की खाली मुरूम, सुटे दगड नि जांभ्याची खरखरीत लाल फरशी. इथं हवी डोंगरात चालणारी, जाड टायरची सायकल.

ही सायकल मुळात जुगाडच, बरं का! १९७०च्या दशकात कॅलिफोर्नियात टॅमलपाइस डोंगराच्या मातीच्या उतारावरून काही तरुण जाड टायरच्या जुन्या सायकली सोडायचे. त्या टोळक्यात वेंडी क्रॅग नावाची एक बाईही होती. त्या दिवसांचे पुष्कळसे फोटो तिनंच काढलेले आहेत.

आपल्याकडे मात्र सायकलीचा विषय निघाला, की घरात ठराव होतो, "सगळ्यांना चालेल अशी घेऊ." मग ती मुलाच्या किंवा ह्यांच्या उंचीची येते आणि आपले पाय टेकत नाहीत. अहो, दुसरीच्या मापाचं ब्लाउज आपण शिवून घेतो का? दुकानात सायकलीच्या दोन्ही बाजूंना पाय टेकून उभ्या राहा. दांडी आणि तुमच्यात तीन-चार बोटं मोकळी राहिली पाहिजेत. खडबडीत वाटेवर अचानक उतरावं लागतं, तेव्हा याची किंमत कळते. साडीचं मात्र विसरा, सलवार-कमीज बरी, तीही ओढणीशिवाय.

दुकानदार "एकवीस गिअर आहेत, ताई" म्हणेल. तुम्ही दाते मोजा. मागचं सर्वांत मोठं चक्र पुढच्या सर्वांत लहान चक्रापेक्षा जास्त दात्यांचं असेल, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक पुरता एक फेराही घेत नाही. यवतेश्वरला बसल्या बसल्या चढायचं ते याच्या जोरावर.

पुढं स्प्रिंग असू द्या. मागंही स्प्रिंग असलेली स्वस्त सायकल दिसते झोकदार, पण वजनाला जड, आणि चढावर पायाचा जोर त्या स्प्रिंगमध्येच जिरतो. तो पैसा मी तरी ब्रेकवर घालीन. तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक दोन बोटांनी लागतात. घाट उतरताना मनगटं भरून येत नाहीत. ब्रेकची मूठ बोटांना लांब पडत असेल, तर बहुतेक सायकलींत स्क्रूनं ती जवळ घेता येते. दुकानदाराकडून तिथंच करून घ्या, घरी गेल्यावर राहून जातं.

टायर दोन इंचांच्या पुढचे, खाचांचे. मातीत हवा थोडी कमी ठेवली की पकड चांगली बसते, पण टायरच्या कडेला लिहिलेल्या मर्यादेखाली नको. दगडावर ट्यूब चिमटते.

आणखी एक. कासच्या फुलांच्या भागात सायकल घालू नका. तिथं खडकावर मातीचा पातळ थर, त्यावरच सगळी फुलं. पश्चिम घाटाला २०१२ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात कासही आहे. सुरुवातीला गावाबाहेरची एखादी गाडीवाटच पुरे. उन्हाळ्यात सकाळी सहालाच निघा, डोक्याला हेल्मेट घाला आणि पंक्चरचं सामान जवळ ठेवा. पुढं दुकान लागेलच असं नाही.